चला हॉलंडच्या शिवारात



विहिरीचे पाणी वर कसे येईल, ही आपली काळजी. आज तुम्हाला अशा मुलखात नेतो, जिथल्या शेतकऱ्याला पाणी खाली कसे जाईल याची काळजी असते. मुलूख नेदरलँड्सचा. आपण सवयीने त्याला हॉलंड म्हणतो. एका दिवसाची सहल आहे, आगगाडीने आणि बोटीने.

उट्रेख्तहून रॉटरडॅमची गाडी धरा आणि खिडकीपाशी बसा. दोन्ही अंगांना सपाट हिरवी कुरणे, काळ्यापांढऱ्या गाई. टेकडी म्हणून कुठे दिसायची नाही. शेताशेतांत बांधही नाही अन् कुंपणही नाही. मधे पाण्याने भरलेला सरळ चर. जनावर सहसा चर ओलांडत नाही, म्हणून तेच कुंपण आणि निचऱ्याची वाटही तीच. या चरांतला गाळ-गवत दरसाल काढावे लागते. पावसाळी दिवसांच्या तोंडावर तपासणी होते. ज्याने आपला चर साफ केला नाही, त्याचे काम करून घेऊन खर्च त्याच्याच माथी मारतात. (नाल्याचे तोंड बुजवून वर शेजाऱ्यालाच दम देणारे आपल्याकडचे काही बहाद्दर मला इथे आठवतात!)

वाटेत खौडा स्टेशन लागते. चीजमुळे जगाला ठाऊक झालेले ‘गौडा’ ते हेच. त्यापुढचे न्यूवर्कर्क गाव मात्र नीट पाहा. तिथली जमीन समुद्रसपाटीपेक्षा ६.७६ मीटर, म्हणजे २२ फूट खाली आहे. देशातली सर्वांत खोल जागा तीच. पंप थांबले तर पाऊस आणि पाझर मिळून ही शेते हळूहळू पुन्हा तळे होतील.

१ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे वादळाने समुद्र आत घुसला. देशात १,८३६ माणसे दगावली. याच गावाजवळ नदीचा बांध फुटू लागला, तेव्हा आरी एव्हेग्रून नावाच्या तांडेलाने आपली बोट त्या भगदाडात आडवी घातली. बोट दारासारखी बसली आणि मागचा सगळा सखल मुलूख वाचला.

रॉटरडॅमला उतरून मोठ्या पुलाजवळच्या धक्क्यावरून नदीची बोट घ्या. सुरुवातीला नुसती गोद्या-गोदामे. मग दोन नद्या मिळतात त्या ठिकाणी किंडरडाइक येते. बांधावर चढून एकदा नदीकडे आणि एकदा शेतांकडे पाहा. नदी वर आणि शेत खाली! इथे १९ जुन्या पवनचक्क्या आहेत. बहुतेक १७३८ ते १७४० मधल्या. दळण दळायच्या नव्हेत, पाणी उपसायच्या. चरातले पाणी कालव्यात, कालव्यातले उंचावरच्या साठवणीत, आणि नदी उतरली की तिथून नदीत, अशी पायरी पायरीने चढण. आता हे काम पंप करतात. चक्क्या वारसा म्हणून राखल्या आहेत आणि पुष्कळ चक्क्यांत अजून कुटुंबे राहतात.

आता पंप किती उपसायचा? माझ्या मते पाहण्यासारखी गोष्ट चक्क्यांपेक्षा ही आहे. प्रत्येक भागात पाणी किती उंचीवर ठेवायचे, हे तिथले पाणी मंडळ ठरवते. अशी २१ मंडळे आहेत. एकाचा इतिहास १२५५ पर्यंत मागे जातो. दर चार वर्षांनी निवडणूक होते, आणि जमीनवाल्याप्रमाणेच घरवालाही पट्टी भरतो. २०२३ पासून शेतकऱ्यांना आणि निसर्ग राखणाऱ्यांना प्रत्येकी २ राखीव जागा आहेत.

भांडण तर असणारच. तुम्ही पाहिलेल्या कुरणांपैकी पुष्कळ कुरणांखाली पीट आहे, म्हणजे हजारो वर्षे पाण्यात दडपलेल्या झाडपाल्याची काळी, पोकळ माती. पाणी उतरवले की तिच्यात हवा शिरते, ती कुजते आणि जमीन खचते. वर्षाला काही मिलिमीटर, कुठे सेंटीमीटरभर. जमीन खचली की पाणी पुन्हा वर आल्यासारखे होते, म्हणून पाणी आणखी उतरवायचे. शतकानुशतके हेच चालले आहे. शेतकरी म्हणतो, पाणी खालीच ठेवा, नाहीतर ट्रॅक्टर रुततो आणि गाईंच्या खुरांनी गवताचा चिखल होतो. गावातला माणूस म्हणतो, पाणी वर ठेवा, माझ्या जुन्या घराचे लाकडी खांब उघडे पडले तर सडतील. दोघेही खरे बोलतात.

काही शेतकरी आता मधला मार्ग करून पाहत आहेत. कुरणाखाली सच्छिद्र नळ्या घालायच्या आणि उन्हाळ्यात चरातले पाणी उलटे जमिनीत सोडायचे, म्हणजे पीट ओली राहते आणि वरून ट्रॅक्टरही चालतो. कोणी ओल्या जमिनीत पाणकणीस लावून पाहतो. पण कुरण ओले राहून दूध कमी निघाले, तर ती तूट शेतकऱ्याने एकट्याने सोसायची की सर्वांच्या पट्टीतून भरायची, यावर तिथे अजून वाद चालू आहे.