मोडी वाचणाऱ्याचे काम संशोधनात धरा

पुण्याच्या पेशवे दफ्तरातला रुमाल सोडला की मोडी लिपीतले कागद पुढे येतात. शिरोरेघा आधीच ओढलेल्या, अक्षरे त्यांना धरून सलग धावलेली; शब्द कुठे संपतो याची खूण नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही. असा कागद देवनागरीत उतरवून संगणकावर शोधता येईल असा करणारा अभ्यासक ओळीओळीला निर्णय घेत असतो. शब्द इथे तोडायचा की पुढे? हे नाव गावाचे की माणसाचे? सुहूर सनाचे इसवी साल कोणते? पदोन्नतीच्या वेळी याच कामाला ‘डेटा एन्ट्री’ म्हणणारे प्राध्यापक आहेत. हे पत्रक त्यांच्या विरोधात आहे.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला कोणी कारकुनी म्हणत नाही. भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत हे काम चालले. १२५९ हस्तलिखिते विचारात घेऊन श्लोकागणिक पाठभेद नोंदवले गेले. त्या आवृत्तीचा मजकूर जपानचे मुनेओ तोकुनागा यांनी संगणकावर आणला आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तपासून सुधारला. आज एखादा शब्द अठरा पर्वांत कुठे येतो ते क्षणात दिसते. पहिल्या पिढीला मान आणि दुसरीला तुच्छता, हा कुठला न्याय?

यंत्र शब्द मोजते, अर्थ लावत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण अर्थ लावण्याचे काम यंत्रावर सोपवा असे कोण म्हणते? इटलीचे पाद्री रोबेर्तो बुसा धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसच्या लेखनातली ‘उपस्थिती’ची कल्पना अभ्यासत होते. ती समजायला ‘मध्ये’ या अर्थाचा साधा लॅटिन शब्दच तपासावा लागेल, हे त्यांना उमगले. दहा हजार चिठ्ठ्या त्यांनी हाताने लिहिल्या, आणि मग अक्वायनसच्या शब्दांची सूची यंत्राने करून घ्यायला १९४९ साली आयबीएमचे दार ठोठावले. आधी प्रश्न धर्मशास्त्राचा होता, यंत्र नंतर आले. त्या शब्दसूचीचे पुढे ५६ छापील खंड झाले.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: अनुदान संपते, संकेतस्थळ बंद पडते, मेहनत बुडते. हे घडते. म्हणूनच हे काम तात्पुरत्या प्रकल्पांवर सोडता कामा नये. विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यासाठी कायम पद हवे.

मोडी कागदांची टिपांसह केलेली डिजिटल आवृत्ती पीएच.डी.साठी प्रबंध म्हणून स्वीकारावी. तिचे परीक्षण मोडी जाणणाऱ्यांनीच करावे. आणि सरकारी खर्चाने स्कॅन झालेला प्रत्येक कागद सातारा, नगर, नागपूरच्या विद्यार्थ्याला घरबसल्या, विनाशुल्क पाहता यावा.