कामोतीं, कामत आणि वकिलाचे सॉफ्टवेअर

गेल्या महिन्यात एका रविवारी मामेभावाचा फोन आला. म्हापशाला त्याचे वकिलीचे ऑफिस आहे. चार वकील, एक टायपिस्ट आणि तीस वर्षे तारखांची डायरी सांभाळणारे कारकून. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. "दादा, ऑफिससाठी सॉफ्टवेअर घेतोय. विकणारा डेमो द्यायला येणार. तू येऊन बस. तुम्ही सरकारी लोकांनी कितीतरी सॉफ्टवेअर बघितली असतील."

बघितली आहेत खरी! मी बी.ए. झालेला कारकून. संगणक कळतो तो वापरणाऱ्याएवढाच. पण माझ्या नोकरीत आमच्या कचेरीत तीन सॉफ्टवेअर आली आणि दोन गेली. दुसरे गेले तेव्हा कंत्राट संपले, कंपनीचा माणूस येईनासा झाला आणि कित्येक वर्षांच्या नोंदी आतच अडकून पडल्या. आम्हाला तारले ते कपाटातल्या जुन्या जाडजूड रजिस्टराने. तेव्हापासून डेमो म्हटला की मी जरा सावरूनच बसतो.

डेमो झकास झाला. रंगीत तक्ते, मोबाईलवर वाजणारी तारीख, अशिलाशी किती मिनिटे बोललात ते मोजणारे घड्याळ. शेवटी विकणाऱ्याने विचारले, "काही शंका?" मी म्हटले, शोधायच्या चौकटीत 'कामत' लिहून दाखवा. देवनागरीत.

तो हसला. "सर, नावे इंग्रजीतच घालायची."

बरे, इंग्रजीत घाला. 'के'ने सुरू होणारे कामत पडद्यावर आले. भाऊंनी कपाटातून एक जुनी फाईल काढली. आजोबांच्या दस्तऐवजावर पोर्तुगीज वळणाने 'सी'ने सुरू होणारे 'कामोतीं'. नातू कामत, आजोबा कामोतीं, घर एकच, जमीन एकच. सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र दोन अनोळखी माणसे.

वाचकहो, हा प्रश्न एका आडनावाचा नाही. आपल्याकडे नाईकांच्या शेवटी कधी 'के' असतो, कधी 'क्यू-यू-ई'. प्रभूंचे पोरोबो होतात, शेणवींचे सिनाय. केपे 'क्यू'ने सुरू होते आणि डिचोली चक्क 'बी'ने. त्यात 1990च्या नाव-आडनाव बदलाच्या कायद्याखाली रीतसर नाव बदलून घेतलेले वेगळेच. गोव्यातल्या वकिलाच्या कपाटात एकाच माणसाची तीन-तीन नावे असतात, आणि तिन्ही खरी असतात.

आणि वकिलाच्या धंद्यात नाव सापडणे ही सोय नव्हे, ती जबाबदारी आहे. नवे काम हाती घेण्यापूर्वी समोरचा पक्ष आपलाच जुना अशील तर नाही ना, हे बघावे लागते. भाऊंनी एक गोष्ट सांगितली. पूर्वी ते ज्या ऑफिसात होते, तिथे एका विधवेला घर खाली करण्याची नोटीस तयार झाली होती. तिच्या नवऱ्याचे मृत्युपत्र त्याच ऑफिसाने केले होते! जुन्या फाईलवर पोर्तुगीज वळणाचे आडनाव, नव्या फाईलवर इंग्रजी वळणाचे. भाऊंना घराचा पत्ता आठवला म्हणून नोटीस पोस्टात पडली नाही. सांगायचा मुद्दा हा की त्या ऑफिसचे खरे सॉफ्टवेअर भाऊंच्या डोक्यात होते. आणि आता भाऊ दोन वर्षांत घरी बसणार आहेत.

भाऊंची ही आठवण कशात उतरवायची, इतकाच खरा प्रश्न आहे. रंगीत तक्ते नंतर.

यावर मला दोन उत्तरे मिळाली. पहिले विकणाऱ्याचे: "मोठमोठ्या देशांत हेच चालते." चालत असेल. पण या जातीची परदेशी सॉफ्टवेअर तासांवर फी घेणाऱ्या वकिलांसाठी घडली आहेत. आपला वकील फी घेतो ती तारखेगणिक किंवा कामाची ठोक. त्या घड्याळाचे तो करणार काय? त्याला हवा तो बार कौन्सिलच्या नियमांना धरून असलेला हिशेब. अशिलाकडून किती आले, खर्च किती झाला, फी म्हणून किती धरले, तारखेसह.

शिवाय आपला कायदाही वेगळा. 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आपल्या घराघरांत आहे. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. घरजागा विकायची तर दोघांची संमती लागते. वारसाहक्काचा 2012चा कायदा आला तरी इन्व्हेंटरी राहिलीच. तिथे सगळे वारस येतात, वारसांचे नवरे-बायका येतात, मालमत्तेची यादी होते, प्रसंगी वारसांतच बोली लागते. 'एक अशील, एक विरोधी पक्ष' अशा दोनच रकान्यांत ही इन्व्हेंटरी बसवून दाखवा पाहू! मी विकणाऱ्याला तेच सांगितले. त्याने 'रिमार्क्स'चा रकाना दाखवला.

दुसरे उत्तर आपल्याच माणसाचे, आणि ते मला जास्त लागले. मामेभावाचा भागीदार म्हणाला, "कोर्टाचे बहुतेक काम इंग्रजीतच चालते. देवनागरी हवी कशाला?"

कोर्ट इंग्रजीत चालते हे मान्य. पण अशील इंग्रजीत चालत नाही. पेडण्याच्या म्हातारीला पुढच्या तारखेचा निरोप इंग्रजीत गेला की तिला तो बँकेचा वाटतो, नाहीतर फसवणुकीचा. ती तो वाचतच नाही आणि साक्षीच्या दिवशी येत नाही. त्या चुकलेल्या तारखेची किंमत कोण मोजतो? सॉफ्टवेअर कंपनी नव्हे.

हा भागीदार मराठीच्या प्रत्येक सभेला असतो. मराठीला राजभाषेचा दर्जा मिळावा म्हणून तो तळमळीने बोलतो, आणि ती तळमळ खरी आहे. 1987च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापराची तरतूद झाली. तेव्हापासून आपण भांडतो ते सरकारशी आणि एकमेकांशी. पण पदरचे पैसे मोजून वस्तू घेताना 'यात माझी लिपी चालते का' हे आपण विचारत नाही. सरकारकडे मागायला लाज नाही, दुकानदाराकडे मागायला मात्र संकोच! खरे तर या एका मागणीत मराठीवाला आणि कोंकणीवाला यांचे भांडणही नाही. लिपी एकच आहे. शोधायच्या चौकटीत 'नाईक' लिहिले आणि सापडले, तर दोघांचेही काम झाले.

मी तरी कोण मोठा? सही मराठीत करतो आणि फायलीवर टिपण इंग्रजीत लिहितो. म्हणूनच हे लिहितोय.

असो. टीका सोपी असते. मामेभावाला मी काय सांगितले तेही सांगतो.

जे फुकट मिळते त्याचे पैसे देऊ नकोस. कोर्टातल्या केसची पुढची तारीख आणि आदेश सोळा अक्षर-अंकांच्या सीएनआर क्रमांकावरून ई-कोर्ट्सवर विनामूल्य दिसतात. विकणारा तेच 'आपोआप तारीख' म्हणून विकतो. मामलेदाराकडचे म्युटेशन, उपजिल्हाधिकाऱ्यांकडची जमिनीची वाटणी यांना मात्र सीएनआर नसतो. त्या तारखा कोण आणि कशा भरणार, हे विचार.

एका माणसाला चार नावे जोडता येतात का ते बघ. देवनागरी युनिकोडमध्ये आहे ना, याचीही खात्री कर. जुन्या फॉन्टमध्ये अक्षर दिसते मराठी, आत साठते भलतेच, आणि शोधले की सापडत नाही.

पैसे देण्याआधी बाहेर पडायचा दरवाजा बघ. सगळ्या नोंदी साध्या तक्त्यात आणि सगळे कागद मूळ रूपात, आपल्या हाताने, कंपनीला न विचारता काढता येतात का? डेमोच्या दिवशीच काढून दाखव म्हणावे. अशिलाचे कागद कुठल्या सर्व्हरवर राहतात आणि कोण उघडू शकतो, हे लेखी घे. अशिलाने विश्वासाने सांगितलेले गुपित राखणे वकिलावर कायद्याने बंधनकारक आहे. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या 126व्या कलमात होते, आता 2023च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 132व्या कलमात आहे. ते बंधन वकिलावर आहे, कंपनीच्या माहितीपत्रकावर नाही.

आणि शेवटचे. दर जणामागे महिन्याला असतो म्हणून चार वकिलांची खाती घेऊन कारकुनाचे वाचवू नकोस. नोंदी भाऊच भरणार आहेत. त्यांना जे जमणार नाही, ते तुझ्या ऑफिसात चालणार नाही. मी कारकून आहे म्हणून म्हणत नाही... नाही, कारकून आहे म्हणूनच म्हणतोय.

मामेभावाने अजून काही घेतलेले नाही. विकणाऱ्याला वीस जुन्या फायलींची यादी दिली आहे: त्यात दोन इन्व्हेंटरी, तीन म्युटेशन आणि ते कामोतीं. नावे-पत्ते बदलून, पण घोळ तसाच ठेवून. महिनाभर चालवून दाखवा, मग बोलू, असे सांगितले आहे. माणूस 'कंपनीला विचारतो' म्हणून गेला.

भाऊंनी मात्र सोमवारपासून एक कोरी वही घेतली आहे. डाव्या पानावर जुने नाव, उजव्या पानावर आजचे. सॉफ्टवेअर येवो न येवो, वही भरत चालली आहे.