फॅक्टरीतली माणसं

शोध लावणाऱ्याचं नाव होतं. त्या शोधाला ज्यांचे हात लागले त्यांचं काय होतं? परेश मोकाशींचा २००९ सालचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा पिक्चर मी ह्याच प्रश्नाच्या बाजूनं पाहिला. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' कसा काढला त्याची ही गोष्ट. लंडनहून कॅमेरा आणला, कुंडीतल्या रोपाची वाढ रोज टिपली, घरातलं किडूकमिडूक विकलं. हा माणूस येडा आहे आणि आपल्याला आवडतो. त्याची जिद्द खोटी नाही. पण दोस्तांनो, मला माझी वाटली ती माणसं दुसरीच.

पहिली सरस्वतीबाई फाळके. कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायची, तीही काळोखात. उन्हात पांढऱ्या चादरी ताणून उभं राहायचं, म्हणजे नटांच्या तोंडावर उजेड पडेल. वर सगळ्या ताफ्याचा स्वयंपाक. आज अशा माणसाला तंत्रज्ञ म्हणतात, तेव्हा बायको म्हणत. भंडारा जिल्ह्यात, आमच्या गावात, माझी माय बिडी वळते. हजार बिड्यांवर मजुरी ठरते. बंडलाच्या कागदावर फोटो मालकाचा. गोदीतून सुट्टी काढून गावी गेलो तेव्हा मायला मोबाइलवर हा पिक्चर दाखवला. सरस्वतीबाईचं राबणं पाहून ती म्हणाली, "हिले रोजी किती भेटे रे?" एवढा सरळ सवाल कुण्या समीक्षकानं केलेला मी तरी वाचला नाही.

दुसरा साळुंके. ग्रँट रोडच्या हॉटेलातला पोऱ्या. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, वेश्यावस्तीतल्या बायासुद्धा नाही म्हणाल्या. मग फाळक्यांनी ह्याला उचललं. हॉटेलात महिना १० रुपये, फाळक्यांकडे १५. ह्यातली पाचाची गोष्ट मला लगेच कळते. गोदीतला कोणीही गडी पाच रुपये जास्त मिळाले की दुसऱ्या टोळीत जातो, त्याला कलेची हाक बिक ऐकू येत नाही. पण हाच साळुंके १९१७ साली 'लंका दहन'मध्ये राम झाला आणि सीताही झाला. म्हणजे हुन्नर त्या पोऱ्याच्या अंगात आधीपासून होता. कपबश्या उचलताना तो कोणाला दिसत नव्हता, एवढंच.

आणि तिसरा? तिसरा मोकाशींच्या पिक्चरचा नायक नाही, फाळक्यांच्याही नाही. तो हरिश्चंद्राच्या मूळ कथेत आहे. राजा स्वतःला विकतो आणि काशीच्या डोमाकडे मसणवटीत राबतो. लोक डोळे पुसतात. का? राजावर डोमाची चाकरी करायची पाळी आली म्हणून! राजाचं जे सत्त्व पाहणं, ते डोमाचं रोजचं काम. राजाची परीक्षा संपते, तो सिंहासनावर परत जातो. डोमाची कधी संपणार? मार्कंडेय पुराणाची कमाल तर पुढंच आहे. तिथं तो चांडाळ खरा चांडाळसुद्धा नाही, धर्मानं घेतलेलं सोंग आहे. अख्ख्या कथेत आमचा एक माणूस, तोही बनावट! माझ्या आज्यानं मसणात लाकडं वाहिली, मढ्यावरचं कापड घेतलं. बाबासाहेबांच्या शब्दाखातर ते सगळं टाकलं. त्याच्यावर कोणी सत्त्वाचा पिक्चर काढला नाही.

नाटक-सिनेमात जाणं तेव्हा बदनामीचं. म्हणून फाळक्यांनी माणसांना सांगितलं म्हणे, कोणी विचारलं तर आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असं सांगा. ती थाप होती, पण मला तोच शब्द खरा वाटतो. फॅक्टरीच होती ती. आणि फॅक्टरी म्हटलं की कामगार आले, पगार आला, हजेरीपुस्तक आलं. मोकाशींनी त्या हजेरीपुस्तकातली काही नावं हसतखेळत का होईना पडद्यावर आणली, म्हणून हा पिक्चर चांगला. जहाज धक्क्याला लागलं की जहाजाचं नाव लिहिलं जातं, माल उतरवणाऱ्या टोळीचं नाही, हे मी रोज बघतो. म्हणून मला ह्याची किंमत कळते.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. बरोबर शंभर वर्षांनी, २०१३ साली, नागराज मंजुळेंचा 'फँड्री' आला. त्यात डुकरं धरणाऱ्याचा पोरगा कोणाचं सोंग नाही, तो तोच आहे. आता आपल्या पोरांच्या खिशाखिशात कॅमेरा आहे. तेव्हा फाळक्यांना सलाम करा, जरूर करा. मग कॅमेरा फिरवा, आणि भोकं पाडणारीला, कपबश्या उचलणाऱ्याला, मसणातल्या डोमाला आधी नाव विचारा.