गप्प बसलं म्हणजे शिकलं?

‘पिल्लू आणलं की पहिल्या दिवसापासून खोलीत ठेवा, दार लावा आणि कामाला जा. रडेल, ओरडेल, चार दिवसांत गप्प बसेल. मध्येच जवळ गेलात की डोक्यावर बसलंच म्हणून समजा.’ श्वानपालनावर बोलायला आलेल्या एका गृहस्थांनी परवा हे ठणकावून सांगितलं आणि समोरच्या निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. त्या माना पाहून माझं डोकं फिरलं. त्यांतले काही जण घरी जाऊन हेच करणार, आणि भोगणार कोण? आईपासून नुकतंच तोडलेलं आठ-नऊ आठवड्यांचं पिल्लू.

गप्प बसलं म्हणजे शिकलं, एवढ्या एका गृहीतकावर हा सगळा डोलारा उभा आहे. १९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर विजेच्या झटक्यांचे प्रयोग केले. काही कुत्र्यांना डोक्याने फळी दाबून झटका थांबवता येत होता. काहींनी काहीही केलं तरी थांबत नव्हता. पुढे दोन्ही गटांना अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला अडसर ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटाने उड्या मारल्या. दुसऱ्यातली बरीचशी कुत्री तिथेच पडून राहिली, मुकाट्याने झटके सोसत. बाहेरून पाहणाऱ्याला ती शांतच वाटली असती. पुढे २०१६मध्ये याच दोघांनी आपलं जुनं स्पष्टीकरण उलटवलं: लांबलेल्या त्रासापुढे हातपाय गाळणं हे शिकावं लागत नाही, ते आपसूक होतं, शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने काही बदलतं’ हे. बंद दार म्हणजे विजेचा झटका नव्हे, हे मलाही कळतं. पण गप्प बसण्याला धडा मानणाऱ्यांनी हे प्रयोग एकदा तरी वाचावेत.

आणि पुष्कळ पिल्लं गप्प बसतही नाहीत. घाबरलेल्या पिल्लाने केलेली नासधूस बहुधा दाराशीच सापडते: चौकटीचा खालचा कोपरा कुरतडलेला, दारावर नखांचे ओरखडे, फरशीवर लाळेचं थारोळं. त्याला खोडी म्हणून मार देणाऱ्यांना काय म्हणावं?

‘गावाकडची कुत्री राहतातच की एकटी!’ एकटी कुठे राहतात? अंगण असतं, माणसं असतात, शेजारची चार कुत्री असतात.

‘लाड केले की बिघडतं’ हा तर फार जुना वाद. तान्ह्या बाळांबद्दलही हेच सांगितलं जाई: रडलं तरी उचलू नका, सवय लागेल. घरोघरच्या आज्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही, आणि बरोबर त्याच होत्या.

मग करायचं काय? एकटं राहायला शिकवायलाच हवं, याबद्दल माझं दुमत नाही. पिल्लाला आधी फिरवून आणा, शी-शू होऊ द्या, चघळायला काही द्या. किल्ली उचला आणि परत खाली बसा. चप्पल घाला आणि स्वयंपाकघरात जा, म्हणजे त्या आवाजांची धास्ती उरत नाही. मग काही सेकंद दाराबाहेर, आणि ते रडायच्या आत परत. वेळ हळूहळू वाढवा, अधूनमधून मुद्दाम कमी करा. जुना मोबाइल कॅमेरा म्हणून लावून ठेवा. पिल्लू पाय ताणून झोपलंय की दाराकडे टक लावून धापा टाकतंय, ते दिसेल. धापा टाकत असेल तर दोन पायऱ्या मागे या. तीन महिन्यांच्या पिल्लाला लघवी तीन-चार तासांपलीकडे सहसा धरवत नाही, तेव्हा नऊ तासांच्या नोकरीच्या दिवसांत मधल्या वेळेला शेजारच्या काकू, सुट्टीवरचा भाचा, पगारी माणूस, कुणीतरी यायलाच हवं.

पहिले काही महिने एवढी सोय जमणार नसेल, तर पिल्लू आणू नये. एकटं राहायची सवय झालेलं मोठं कुत्रं दत्तक घ्यावं. अशी कितीतरी कुत्री घराची वाट पाहत असतात.