मुरमाड जमिनीतील परसबाग



काळी माती विकत आणल्याशिवाय बालाघाटाच्या माळावर परसबाग, म्हणजे घरच्या वापरापुरता भाजीपाला, पिकणे अशक्य आहे, हा गेल्या अंकातील पत्राचा निष्कर्ष बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, धारूर या तालुक्यांवर अन्याय करणारा आहे. मुरूम हा झिजत चाललेला बेसाल्ट खडक असून त्यात खनिजे असतात व निचराही चांगला होतो. उणीव असते ती खोलीची आणि सेंद्रिय कर्बाची, म्हणजे कुजलेल्या पाल्यातून व शेणातून जमिनीत येणाऱ्या अंशाची. वेचलेल्या दगडांचीच कड रचून आत पालापाचोळा, लेंडीखत आणि तलावातील गाळ मुरमात मिसळून भरला, तर फूटभर उंचीच्या वाफ्यात मेथी, पालक, कोथिंबीर सहज येते. ज्या बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच खडकाळ डोंगरांवर रानोमाळ वाढते, हेही विसरता येत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे आणि तिचा त्या पत्रात उल्लेखही नाही. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, त्यामुळे हिवाळी भाज्यांचे बियाणे त्यांच्या हाती देणे निरर्थक ठरते. त्यांच्यासाठी पावसाळ्यात दोडका, घोसाळी, वाल असे वेल आणि बांधाला शेवगा, कढीपत्ता, सीताफळ अशी एकदा रुजल्यावर कमी पाण्यावर तगणारी झाडे हवीत. ही रोपे जूनमध्येच वाटली जावीत.

एक वाचक, बीड