शोषखड्डा तुंबल्यावर

नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीचे नाव दूरवर गेले ते एका खड्ड्यामुळे. घराशेजारी चार फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल खड्डा. मधोमध वरच्या अंगाला भोके पाडलेली सिमेंटची टाकी. भोवती दगडगोटे आणि वाळू. मोरीचे पाणी टाकीत पडते, गाळ तळाशी बसतो आणि निवळलेले पाणी भोकांतून बाहेर येऊन जमिनीत मुरते. गल्लीतले गटार आटले की डासांना अंडी घालायला जागाच उरत नाही. प्रल्हाद पाटील यांच्या पुढाकाराने गावाने घरोघरी असे शोषखड्डे घेतले आणि टेंभुर्णी डासमुक्त म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे अभिमन्यू काळे मुख्य कार्यकारी अधिकारी असताना जिल्हा परिषदेने हे काम रोजगार हमीतून इतर गावांत नेले. त्यालाच ‘नांदेड पॅटर्न’ म्हणतात.

यात अवघड तंत्र काहीच नाही. अवघड आहे ते शेजाऱ्याला राजी करणे. दोन-चार घरांचे सांडपाणी रस्त्यावर येत राहिले तरी अख्ख्या आळीची मेहनत वाया जाते. ते पटवायला साहेब दारोदार फिरत नाहीत. तरुण मंडळातली पोरे, बचत गटातल्या बाया, एखादे निवृत्त गुरुजी फिरतात, तेही बिनपगारी.

या बिनपगारी माणसांना सरकारी कामात रीतसर जागा दिली तर काय होते, हे लातूरने पाहिले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. 52 गावे नव्या जागी वसवली गेली. त्यापलीकडे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण व्हायचे होते. पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाला मिळणार, काम त्याने करून घ्यायचे. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या मदतीने महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. माळवदावरची माती कमी का करायची, दगडी भिंतीत आरपार दगड का घालायचा, हे त्या शेजारणीला तिच्या भाषेत सांगत. त्यांचे काम कार्यक्रमातच धरलेले होते, म्हणून घरमालकाची अडचण इंजिनिअरपर्यंत नेण्याची वाटही मोकळी होती.

नंतरच्या वर्षांत भर आला तो स्पर्धांवर. 2000-01 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, 2007 मध्ये तंटामुक्त गाव मोहीम, 2016 ते 2019 पानी फाउंडेशनचा वॉटर कप. स्पर्धेने गावे जागी केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. वॉटर कपच्या 45 दिवसांत एप्रिल-मेच्या उन्हात माणसे कुदळ-फावडी घेऊन शिवारात उतरली, काही ठिकाणी मध्यरात्रीही.

पण तपासणी पथक एकदा येऊन गेले की पुढचे कोण बघणार? शोषखड्ड्याच्या टाकीत भांड्यांची राख आणि खरकटे साचत जाते. ते उपसले नाही तर पाणी पुन्हा गल्लीत. बंधाऱ्यातल्या गाळाचेही तेच. उद्घाटनाला मंडप पडतो, उपसायला दोन माणसे मिळत नाहीत. आणि ज्यांनी श्रमदान केले त्यांनीच दरवर्षी पदरमोड करावी, अशी अपेक्षा मात्र असते.

वास्तविक पैशाची सोयही आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी ग्रामीण स्थानिक संस्थांना दिलेल्या अनुदानातला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला. त्यातला ठराविक हिस्सा दरवर्षी केवळ देखभालीला ठेवावा, तो कसा खर्चायचा हे गावातल्या गटाशी बसून ठरवावे, आणि बक्षिसाचे गुण तीन वर्षांनी पुन्हा तपासून मगच पक्के करावेत. श्रमदान लोकांचे राहू द्यावे. फावडी, घमेली आणि गाळ वाहायच्या ट्रॅक्टरचे डिझेल पंचायतीने द्यावे.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर एवढा एकच विषय घेता येईल: कोणत्या गल्लीतले किती खड्डे तुंबले, आणि ते दिवाळीआधी कोण उपसणार.