कुलूपबंद घरांवरचे मागील देणे

31 मार्च 2025 रोजी आयर्लंडमधील घरांवर चढलेला एका जुन्या कराचा शेवटचा बोजा कायद्यानेच उतरला. त्या दिवशी डब्लिनच्या रस्त्यावर कोणी गुलाल उधळला नाही. कर बंद होऊन अकरा वर्षे लोटली होती. वसूल व्हायचे ते बहुतेक वसूल झाले होते, आणि ज्यांच्याकडून ते झाले त्यांतले पुष्कळजण त्या देशातच राहत नव्हते. वर्षाला दोनशे युरोंच्या या कराचा इतिहास आमच्या वाचकांना क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु श्रमिकांच्या खिशातून पैसा काढण्याची जी नवी तंत्रे गेल्या काही दशकांत राज्यकर्त्यांनी हस्तगत केली, त्यांचा हा इतका स्वच्छ नमुना आहे की तो नीट तपासून पाहणे अगत्याचे आहे.

हा कर 2009 सालच्या स्थानिक शासन (आकार) कायद्याने आला. मालक ज्या घरात स्वतः मुख्यतः राहत नाही, अशा प्रत्येक निवासी घरावर दरसाल 200 युरो. उत्पन्न नगरपालिकांना व परगण्यांच्या मंडळांना. इथवर कोणाला त्यात वावगे दिसणार नाही. गोम पुढे होती. या कराचे बिल कोणालाही पाठविले जात नसे. आपण देणे लागतो हे मालकाने स्वतः ओळखायचे, नोंदणी करायची आणि पैसे भरायचे. न भरल्यास दरमहा 20 युरो विलंब शुल्क, आणि तेही प्रत्येक थकलेल्या वर्षासाठी वेगळे. 2013 नंतर कर बंद झाला, पण थकबाकी वाढतच राहिली. ऑगस्ट 2014 अखेर शेवटची मुदत संपली, तेव्हा पाचही वर्षे चुकलेल्या माणसाच्या नावावर 7,230 युरो उभे राहिले. मूळ देणे हजाराचे, त्यावरचा दंड सहा हजारांहून अधिक. आपल्याकडच्या एखाद्या खेडेगावातील सावकारानेही हा हिशेब पाहून जीभ चावली असती. शिवाय ही रक्कम घरावरच बोजा म्हणून बारा वर्षांसाठी चढविलेली. घर विकायला काढले की वकील बेबाकी दाखला मागणार, आणि तेव्हा मालकाला प्रथमच कळणार की आपण कित्येक वर्षे कसूरदार आहोत.

हे मालक कोण होते? 2008 मध्ये आयर्लंडच्या बँका कोसळल्या. त्यांनी जमिनीच्या सट्टेबाजीत जे गमावले ते सरकारने आपल्या, म्हणजे जनतेच्या, अंगावर घेतले. बँकांना जगविण्यात सुमारे 64 अब्ज युरो ओतले गेले. बांधकामे थांबली, बेकारी 15 टक्क्यांपर्यंत चढली, आणि गवंडी, सुतार, परिचारिका, शिक्षक पुन्हा एकदा जहाजाऐवजी विमानाने ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इंग्लंडच्या वाटेला लागले. तेजीच्या काळात कर्ज काढून घेतलेले दोन खोल्यांचे घर मागे राहिले. ते विकावे तर किंमत निम्म्यावर आलेली, कर्ज मात्र पूर्ण. म्हणून ते कुलूप लावून ठेवले, किंवा हप्ता निघावा म्हणून भाड्याने दिले. ज्या क्षणी त्या घरात राहणे सुटले, त्या क्षणी कायद्याच्या लेखी तो ‘दुसऱ्या घराचा धनी’ झाला. पर्थच्या बांधकामावर खपणाऱ्या माणसाला पहिलेच घर धड राहिलेले नव्हते. दुसरे तर नव्हतेच.

आमच्यातील काही साथी येथे आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. समाजवाद्यांनी घरमालकांसाठी अश्रू का ढाळावेत? संपत्तीवर कर असावा, रिकाम्या ठेवलेल्या घरांवर तर तो जबरच असावा, ही आपलीच मागणी नव्हे काय? होय, ती आपलीच आहे आणि आम्ही तिच्यातील एक अक्षरही मागे घेणार नाही. परंतु संपत्तीकर म्हणजे संपत्तीच्या प्रमाणात कर. समुद्रकिनाऱ्यावर हवेली बांधणाऱ्या धनिकालाही 200 युरो आणि कर्जात बुडालेल्या कामगाराच्या सदनिकेलाही 200 युरो, हा संपत्तीकर नव्हे. हा डोईपट्टीचा भाऊ आहे. धनिकाकडे हिशेबनीस असतो, तो मुदतीत दोनशे भरून मोकळा होतो. दंडाचे सहा हजार त्याच्याकडून कधीच येत नाहीत. ते ज्याला कायदा कळलाच नाही त्याच्याकडून येतात. म्हणजे सरकारी तिजोरीत पडलेल्या या पैशाचा मोठा वाटा संपत्तीवर नव्हे, तर अज्ञानावर आणि अनुपस्थितीवर बसविलेला होता.

याच सुमारास सांडपाण्याचे प्रकरण उद्भवले, आणि त्यावाचून ही कथा अपुरी राहील. ऑक्टोबर 2009 मध्ये युरोपीय न्यायालयाने आयर्लंडला ग्रामीण भागातील सेप्टिक टाक्यांच्या दुर्लक्षाबद्दल दोषी ठरविले. देशात अशा टाक्या पाच लाखांच्या घरात. दशकानुदशके तपासणीची कोणतीही व्यवस्था न उभारणाऱ्या शासनाने 2012 च्या कायद्याने काय केले, तर टाकीच्या मालकाने स्वतः नोंदणी करावी व तीस 50 युरो शुल्क भरावे असे फर्मावले. खेड्यापाड्यांतून संताप उसळला, तेव्हा लवकर नोंदणी करणाऱ्यांसाठी पन्नासाचे पाच झाले. गावात राहणारा शेतकरी सभेला जाऊ शकला, आमदाराला धरू शकला, म्हणून पाच झाले. बोस्टनमध्ये असलेल्या त्याच्या भावाला आपल्या परसातील टाकीसाठी काही नोंदवायचे आहे याची वार्ता कळली असेल तर ती घरच्यांच्या फोनवरूनच.

मग आले पाणी आणि मैलापाणी. 2010 च्या डिसेंबरात युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्याकडून आयर्लंडने जे कर्ज घेतले, त्याच्या अटींत घरगुती पाण्याला मोल लावण्याची अट होती. त्यासाठी ‘आयरिश वॉटर’ ही कंपनी 2013 मध्ये उभी राहिली. 2015 च्या जानेवारीपासून आकारणी सुरू झाली: एकट्या प्रौढाच्या घराला कमाल 160 युरो, इतरांना 260, आणि कोणीही कायम राहत नाही अशा घराला 125. शेवटचा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. नळ बंद, मोरी कोरडी, संडासात महिनोन् महिने पाणी सोडलेले नाही, तरी पाणी व मलनिःसारण या दोहोंचे मिळून 125. दोहोंपैकी एकच सेवा असल्यास निम्मे. ज्या अनेक किनारपट्टीच्या गावांतून मैला प्रक्रियेविना थेट नदीत व समुद्रात जात होता, तेथेही मलनिःसारणाचा आकार होताच. आर्कलो या शहराचा मैला तर या दशकापर्यंत अवोका नदीत तसाच सोडला जात होता. 2019 मध्ये युरोपीय न्यायालयाने नागरी सांडपाण्याच्या प्रश्नावर आयर्लंडला पुन्हा दोषी ठरविले.

हा आकार लादण्यात मजूर पक्ष हा सत्तेतील भागीदार होता आणि पर्यावरण खात्याचा मंत्रीही त्याच पक्षाचा. ही गोष्ट आम्ही समाधानाने नव्हे, खेदाने नोंदवितो. जनतेने मात्र तिची दखल घेतली. 2011 मध्ये 37 जागा जिंकलेला हा पक्ष 2016 मध्ये 7 जागांवर आला.

दरम्यान रस्त्यावर जे घडले ते आयर्लंडच्या अलीकडच्या इतिहासात अपूर्व होते. 2014 च्या ऑक्टोबरपासून डब्लिनमध्ये व लहान लहान शहरांत मोर्चे निघाले. गल्लोगल्ली बायाबापड्या मीटर बसविणाऱ्या गाड्यांसमोर उभ्या राहिल्या. ‘युनाइट’, ‘मँडेट’ यांसारख्या कामगार संघटना ‘राइट टू वॉटर’ या आघाडीत उतरल्या. बिले भरायचीच नाहीत, हा निर्धार लाखो घरांनी पाळला. या लढ्याला जुनी परंपरा होती: डब्लिनमध्ये 1994 मध्ये लावलेली पाणीपट्टी अशाच बहिष्काराने 1996 अखेर मागे घ्यावी लागली होती, आणि त्या लढ्याचे एक पुढारी समाजवादी जो हिगिन्स 1997 मध्ये संसदेत निवडून गेले होते. दुसऱ्या लढ्याचा शेवटही तसाच झाला. जुलै 2016 मध्ये आकारणी स्थगित झाली, 2017 च्या कायद्याने ती संपली, आणि ज्यांनी पैसे भरले होते अशा जवळजवळ दहा लाख ग्राहकांना सतरा कोटी युरोंहून अधिक रक्कम परत मिळाली. कुलूपबंद घराचे 125 युरो निमूटपणे भरणाऱ्या परदेशस्थाचाही त्यात समावेश होता. ज्या मोर्चात तो कधी चालला नाही, त्याच्या विजयाचा चेक त्याच्या नावे निघाला.

आता हे दोन हिशेब शेजारी ठेवून पाहा. मैलापाण्याच्या आकाराविरुद्ध माणसे एकत्र आली, तो परत मिळाला. राहत्या नसलेल्या घरावरचा कर विखुरलेल्या माणसांवर पडला, तो सातपट होऊन वसूल झाला. दोन्ही करांच्या न्याय्यतेत एवढे अंतर होते असे कोणीही म्हणणार नाही. अंतर होते ते पीडितांच्या स्थितीत. सिडनीतील सुतार, टोरांटोतील परिचारिका आणि लंडनमधील वेटर यांची गल्ली एक नव्हती, संघटना एक नव्हती, आणि मत तर नव्हतेच. परदेशी स्थायिक झालेल्या आयरिश नागरिकास तेथील संसदेच्या निवडणुकीत टपालाने मतदान करता येत नाही. काही मोजके सरकारी नोकर सोडता हा नियम सर्वांना लागू आहे. ज्याला मत नाही त्याच्यावर कर लावणे राज्यकर्त्याला नेहमीच सोपे जाते.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. परदेशी किंवा परगावी गेलेल्या माणसाचे कुलूपबंद घर ही कोकणाच्या आणि गोव्याच्या प्रत्येक गावातील नित्याची गोष्ट आहे. कुवेतमध्ये राबणाऱ्या रत्नागिरीच्या फिटरला गावच्या घरपट्टीची नोटीस मिळते ती शेजाऱ्याने उचलून ठेवली असेल तर, गणपतीला आल्यावर. त्यालाही मतदारयादीत नाव घालता येते. 2010 च्या कायदादुरुस्तीने तो अधिकार दिला आहे. पण मत द्यायचे तर विमानाचे भाडे खर्चून आपल्याच केंद्रावर हजर राहावे लागते, म्हणजे अधिकार कागदावर आणि केंद्र समुद्रापलीकडे.

पुण्याचे उदाहरण अधिक जवळचे आहे. तेथे स्वतः राहत असलेल्या घराच्या करपात्र रकमेत 40 टक्के सवलत 1970 पासून मिळत होती. 2018 मध्ये राज्य शासनाने ती काढून घेतली, आणि नागरिकांच्या हाती फरकाची बिले पडू लागली. अशा बिलात सर्वसाधारण करापासून सफाईपट्टी, पाणीपट्टी, जलनिःसारणापर्यंतची सारी कलमे असतात, आणि थकल्यास दरमहा दोन टक्के शास्ती. ओरड झाली. 2023 मध्ये मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा दिली. परंतु ज्यांची ती काढली गेली होती त्यांनी आपण घरात राहतो याचा पुरावा जोडून ‘पीटी-3’ नावाचा अर्ज ठरलेल्या मुदतीत भरावा, अशी तरतूद झाली. आपण राहतो हे सिद्ध करण्याचा भार नागरिकावर! जो मुलाकडे वर्षभरासाठी अमेरिकेत गेला आहे, जी वृद्धा मुलीकडे आजारपणात राहिली आहे, त्यांचे काय? पुण्यातही धनवानाला चिंता नाही. त्याचा हिशेबनीस अर्ज भरतो. प्रश्न निवृत्त कारकुनाचा आणि आखातातील कामगाराचा आहे.

म्हणून पक्षाच्या शाखांनी नगरपालिकांपुढे काही मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. ज्याचे बिल बजावले नाही अशा देण्यावर शास्ती नको. पूर्वलक्षी वसुलीला वर्षांची मर्यादा हवी, आणि दंड कधीही मुद्दलाच्या वर जाता कामा नये. सावकारीविरोधी चळवळीत आपण हाच दामदुपटीचा नियम जमीनदारांना ऐकविला आहे, तो शासनाला ऐकविण्यात संकोच कसला? जेथे गटार पोहोचलेले नाही तेथे गटाराचा कर नको. आणि रिकाम्या घरांवर कर हवाच, पण तो मोलाच्या प्रमाणात. मुंबईत गुंतवणूक म्हणून रिकाम्या ठेवलेल्या आलिशान सदनिका आणि चाकरमान्याचे कौलारू घर यांना एका रकान्यात घालणारा ठराव जो नगरसेवक आणील, त्याला त्याच्याच प्रभागात जाब विचारला पाहिजे.

हे काम निवडणुकीच्या हंगामात होणारे नाही. वॉर्ड कार्यालयात बसून बिले तपासणे, अर्ज भरून देणे, परगावच्या मालकाला फोन करून मुदत कळविणे, हे कंटाळवाणे आणि कोणाच्या नजरेत न भरणारे काम आहे. मीटरच्या गाडीसमोर उभ्या राहिलेल्या डब्लिनच्या बायांनी आधी दोन वर्षे दारोदार हेच केले होते. 2012 मध्ये सर्वच घरांवर 100 युरोंचा कर आला तेव्हा सुमारे निम्म्या घरमालकांनी मुदतीत नोंदणी केली नाही, त्यामागे अशाच दारोदारच्या फेऱ्या होत्या. तो करही त्या रूपात एका वर्षापलीकडे टिकला नाही. सरकारने मग वसुली आयकर खात्याकडे सोपविली आणि नवा मिळकत कर पगारातून कापण्याची सोय केली. मात्र तो कर घराच्या बाजारमूल्यावर बसवावा लागला. सरसकट शंभराची भाषा तेथे पुन्हा कोणी काढली नाही.

ज्यांनी 2025 पूर्वी घर विकले आणि दाखल्यासाठी 7,230 युरो मोजले, त्यांना परताव्याची कोणतीही तरतूद नाही.